वाचक विचारतात : फ्रँकिन्सेन्सचे तेल आणि घरातला डिफ्यूजर

डिफ्यूजरमध्ये, म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्रात, फ्रँकिन्सेन्सचे सुगंधी तेल कसे वापरावे, कशात मिसळावे आणि किती घालावे, याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील पुष्कळशी एकाच वळणाची होती, म्हणून ती एकत्र करून सहा प्रश्न निवडले आहेत. आरंभीच एक खुलासा करून ठेवतो. मी सुगंधांची मिश्रणे करणारा माणूस आहे, वैद्य नाही. त्यामुळे जिथे प्रश्न औषधाकडे वळतो, तिथे माझे उत्तर हात राखून दिलेले आढळेल.

प्रश्न : मी एकदा ‘फ्रँकिन्सेन्स’ असे छापलेली बाटली घेतली आणि ती संपल्यावर दुसरीकडून ‘लोबान तेल’ घेतले. दोन्ही एकच, असे मला सांगण्यात आले होते. परंतु पहिल्याचा वास लिंबू आणि चीड यांची आठवण करून देणारा होता, तर दुसऱ्याचा व्हॅनिलासारखा गोड आहे. यांतले नकली कोणते?

बहुधा कोणतेच नाही. नकली आहे तो ‘दोन्ही एकच’ हा दिलासा. ‘लोबान’ हा शब्द अरबी ‘लुबान’वरून आला आणि अरबीत त्याचा अर्थ फ्रँकिन्सेन्स असाच होतो. पुढे आग्नेय आशियातून येणाऱ्या एका वेगळ्याच झाडाच्या राळेला अरब व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लुबान, असे म्हणू लागले. युरोपीय भाषांतला ‘बेन्झोइन’ हा शब्द याच नावाचा अपभ्रंश आहे. बेन्झोइन स्टायरॅक्स वंशातील झाडांपासून मिळते आणि त्याचा वास गोड, व्हॅनिलाकडे झुकणारा असतो. फ्रँकिन्सेन्स मात्र बोस्वेलिया या वंशातील झाडांच्या सालीला चीर दिल्यावर पाझरून सुकणाऱ्या डिंकाळ राळेपासून मिळते. आपल्याकडे ‘लोबान’ हे एकच नाव या दोन्ही पदार्थांना चिकटून राहिले आणि ‘ऊद’ या शब्दाने त्यात आणखी भर घातली, कारण अरबीतला ऊद म्हणजे अगरूचे लाकूड. म्हणून बाटलीवरच्या प्रचलित नावावर विसंबू नये. वनस्पतीचे शास्त्रीय नाव शोधावे. ते छापलेलेच नसेल, तर ती बाटली मी तरी परत ठेवतो.

बोस्वेलियातही चार जाती बाजारात मुख्यतः भेटतात आणि त्यांचे वास एकमेकींपासून चांगले वेगळे असतात. बोस्वेलिया सॅक्रा ओमान, येमेन आणि सोमालिया या पट्ट्यात वाढते. बोस्वेलिया कार्टेरी या नावाने विकले जाणारे तेल अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते याच जातीचे असते. त्यात अल्फा-पायनीन हा घटक बहुधा भरपूर असतो आणि तुम्हाला चिडाची आठवण झाली ती त्याच्यामुळे, कारण चिडाच्या टर्पेंटाइनमध्येही तोच असतो. भारतातील सालई, म्हणजे संस्कृतमधील शल्लकी, ही बोस्वेलिया सेराटा. तिच्या तेलात अल्फा-थुजीनचे वर्चस्व असते आणि वास अधिक तिखट, हिरवट, लाकडी असतो. इथिओपिया, एरिट्रिया आणि सुदान या भागांतील बोस्वेलिया पॅपिरिफेरामध्ये ऑक्टिल अ‍ॅसिटेट फार मोठ्या प्रमाणात असते, त्यामुळे तिचा वास फळासारखा आणि काहीसा मेणचट लागतो. सोमालियातील बोस्वेलिया फ्रेरियाना ही चौथी. तिची राळ चघळण्यासाठीही वापरतात. विक्रेता जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत हे दाखवणारा तपासणी अहवाल, देत असेल, तर सगळे आकडे समजलेच पाहिजेत असे नाही. सॅक्रा म्हणून विकलेल्या तेलात ऑक्टिल अ‍ॅसिटेटचा आकडा सर्वांत मोठा दिसला, तर बाटलीत पॅपिरिफेरा आहे असे समजावे. ते वाईट तेल नव्हे, पण तुम्ही पैसे दुसऱ्याच तेलाचे मोजलेले असतात.

तेलात स्वस्त वाहक तेल, म्हणजे खोबरेल किंवा बदाम तेलासारखे न उडणारे तेल, मिसळले आहे का, हे पाहण्यासाठी एक थेंब साध्या पांढऱ्या कागदावर टाकून दिवसभर ठेवावा. शुद्ध फ्रँकिन्सेन्सचा डाग जवळजवळ पूर्णपणे उडून जातो, वाहक तेलाचा तेलकट डाग मात्र तसाच राहतो. बाहेरून आणलेले पायनीन मिसळले असेल, तर ते या परीक्षेत सापडत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : दोनशे मिलिलिटरच्या डिफ्यूजरमध्ये मी फ्रँकिन्सेन्सचे दोन थेंब आणि त्याबरोबर संत्रे, लिंबू, निलगिरी, पेपरमिंट व लॅव्हेंडर यांचे प्रत्येकी दोन थेंब घालते. पहिली दहा मिनिटे लिंबाचा वास दरवळतो आणि नंतर काहीच येत नाही. फ्रँकिन्सेन्स तर मला कधी जाणवलेच नाही. प्रमाण कसे ठरवावे?

तुमच्या मिश्रणात फ्रँकिन्सेन्स आहे, पण त्याला बोलायला जागाच नाही. बारा थेंबांपैकी आठ थेंब अशा तेलांचे आहेत, जी मुळातच हलकी, चटकन उडणारी आणि नाकाला झोंबणारी आहेत. गोड संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते, लिंबाच्या तेलातही त्याचेच प्राबल्य, निलगिरीत सिनिओल आणि पेपरमिंटमध्ये मेंथॉल. हे चौघे मिळून पहिला हल्ला करतात आणि लगेच पांगतात.

इथे एक जुना गैरसमजही आड येतो. सुगंधांची विभागणी वरचे (चटकन उडणारे), मधले आणि तळाचे (सर्वांत जास्त टिकणारे) स्वर अशी करण्याची पद्धत आहे आणि बहुतेक तक्त्यांत फ्रँकिन्सेन्स तळाच्या रांगेत बसवलेले असते. राळेच्या बाबतीत ते बरोबर आहे. वाफेने काढलेल्या तेलाचा मोठा भाग मात्र पायनीन, थुजीन, लिमोनीन अशा हलक्या मोनोटर्पिनांचा असतो आणि तो संत्र्याच्या तेलापेक्षा फारसा जास्त टिकत नाही. हलका भाग उडून गेल्यावर जो कोरडा, जुन्या दगडी इमारतीच्या गाभ्यासारखा, किंचित मेणाचा वास मागे राहतो, तो अगदी अल्प प्रमाणात असणाऱ्या घटकांचा असतो. फ्रान्समधील नीस येथील संशोधकांनी २०१६ मध्ये या वासाला कारणीभूत असणारी दोन आम्ले ओळखली आणि त्यांना ऑलिबॅनिक आम्ले असे नाव मिळाले. त्यांचे प्रमाण तेलात नगण्य असते, पण नाक ती हेरते. फ्रँकिन्सेन्सची खरी ओळख ही मागची रेघ आहे, आणि चार झणझणीत तेलांच्या गलक्यात ती कुणालाही सापडणार नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त तेले घेऊ नयेत, आणि त्यांपैकी फ्रँकिन्सेन्सचा वाटा निम्म्याच्या आसपास ठेवावा. दुसरा सल्ला असा की प्रमाण डिफ्यूजरमध्ये ठरवू नये. टीपकागदाच्या पट्ट्या कापाव्यात, प्रत्येक पट्टीवर एका तेलाचा एकच थेंब घ्यावा, पट्ट्या पंख्यासारख्या एकत्र धरून नाकापासून वीतभर अंतरावर हलवाव्यात. एखादे तेल इतरांना दाबते आहे असे वाटले, तर त्याची पट्टी मागे सरकवावी. तेवढ्याने प्रमाणाचा अंदाज येतो. त्या पट्ट्या फेकून न देता वीस मिनिटांनी आणि पुन्हा दोन तासांनी हुंगाव्यात. कोण आधी निघून जाते आणि कोण मागे थांबते, हे इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

प्रमाण ठरले की मिश्रण गडद काचेच्या छोट्या बाटलीत वीस थेंबांच्या हिशेबाने करावे आणि झाकण घट्ट लावून दोन दिवस तसेच ठेवावे. शंभर मिलिलिटरच्या यंत्रात एका वेळी जेमतेम चार-पाच थेंब जात असल्यामुळे दहास सहास चार असे प्रमाण थेट यंत्रात साधतच नाही. बाटलीत ते सहज साधते. सुरुवातीसाठी मी फ्रँकिन्सेन्सचे दहा, गोड संत्र्याचे सहा आणि सीडरवुडचे चार थेंब असे मिश्रण सुचवीन. संत्रे फ्रँकिन्सेन्समधील लिंबाळ बाजूला हात देते, सीडरवुड मागची कोरडी रेघ धरून ठेवते. संध्याकाळसाठी फ्रँकिन्सेन्सचे बारा, लॅव्हेंडरचे सात आणि वाळ्याचा एकच थेंब घ्यावा. वाळ्याचे तेल इतके दाट आणि हट्टी असते की दुसरा थेंब पडला, तर खोलीत फक्त ओल्या मातीचा वास उरतो. सकाळी काही तरतरीत हवे असेल, तर फ्रँकिन्सेन्सचे बारा, बर्गमॉटचे सहा आणि काळ्या मिरीचे दोन थेंब एकत्र करावेत. मिरीच्या तेलातही पायनीन असल्यामुळे ती परकी वाटत नाही, उलट फ्रँकिन्सेन्समध्ये मुळातच असलेली तिखट धार तिच्यामुळे उजळते. माझ्या मते फ्रँकिन्सेन्सची सर्वांत चांगली जोडीदार हीच, पण लोक तिला विसरतात आणि लॅव्हेंडरकडे धावतात. लवंग आणि दालचिनी यांचा मोह मात्र टाळावा. त्यांतील युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड सगळ्या मिश्रणाला गिळून टाकतात आणि श्वसनमार्गालाही टोचतात.

थेंब हे माप म्हणून काहीसे लबाड असते, कारण दाट तेलाचा थेंब मोठा पडतो आणि पातळ तेलाचा लहान. एखादे मिश्रण मनाजोगते जमले आणि ते पुन्हा हुबेहूब करायचे असेल, तर दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर थोड्या मोठ्या प्रमाणात वजनाने करावे आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत.

राहिला प्रश्न ‘नंतर काहीच येत नाही’ याचा. यात निम्मा दोष तुमच्या नाकाचा आहे, आणि तो सगळ्यांच्याच नाकाचा असतो. एकच वास सतत येत राहिला की पंधरा-वीस मिनिटांत नाकाला त्याची सवय होते आणि मेंदू तो कळवणे थांबवतो. अशा वेळी आणखी थेंब घालणे म्हणजे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत जाणे. पाच मिनिटे बाहेर जाऊन परत यावे. वास तिथेच असतो. शंभर मिलिलिटर पाण्याला एकूण तीन ते पाच थेंब पुरतात, म्हणजे तुमच्या यंत्राला सहा ते दहा, आणि खोली लहान असेल तर सहाच्या वर जाऊ नये.

प्रश्न : डिफ्यूजरजवळच्या टेबलावर पांढरी भुकटी साचते आणि टाकीच्या तळाशी चिकट थर बसतो. हा फ्रँकिन्सेन्सचा डिंक आहे का?

नाही. डिंक आणि राळ ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातच मागे राहतात, ती तेलात येत नाहीत. पांढरी भुकटी ही पाण्यातल्या क्षारांची आहे. अल्ट्रासॉनिक डिफ्यूजरमधील चकती अतिशय वेगाने कंप पावते आणि पाण्याचे बारीक तुषार हवेत फेकते; पाणी सुकते आणि त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार टेबलावर उतरतात. डिस्टिल्ड पाणी वापरल्यास हा त्रास थांबतो. चिकट थर तेलाचाच असतो, पण तो हवेशी संयोग होऊन घट्ट झालेल्या तेलाचा. रात्रभर टाकीत पाणी ठेवून सकाळी त्यावरच नवे थेंब घालण्याची सवय असेल, तर तो बसणारच. शिवाय साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि यंत्र सुरू झाले की तेही तुषारांबरोबर हवेत जातात. दर वापरानंतर पाणी ओतून टाकून टाकी पुसावी. आठवड्यातून एकदा पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर मिसळून पाच मिनिटे ठेवावे, मग मऊ फडक्याने किंवा कापसाच्या काडीने चकती हलक्या हाताने पुसावी. चकतीवर नख किंवा घासणी चालवू नये.

काही वाचक तेल आधी खोबरेल किंवा बदाम तेलात मिसळून मग यंत्रात घालतात. त्वचेसाठी ही खबरदारी योग्य आहे, यंत्रासाठी मात्र घातक, कारण वाहक तेल उडत नाही आणि चकतीवर बसून राहते. पाण्याशिवाय चालणारा, तेलाचे थेट तुषार करणारा नेब्युलायझर वापरत असाल, तर शुद्ध फ्रँकिन्सेन्स त्यात चालते. पण वाळा, चंदन अशी दाट तेले त्याच्या काचेच्या नळीत अडकतात. त्यातून हवेत जाणारे तेलही कितीतरी जास्त असते, तेव्हा तो दोन-तीन मिनिटांच्या हप्त्यांनीच चालवावा.

प्रश्न : बोस्वेलिक आम्लामुळे सांध्यांची सूज कमी होते, असे वाचले. माझ्या गुडघ्यांसाठी रात्रभर डिफ्यूजर लावला तर चालेल का?

चालणार नाही, आणि कारण अगदी साधे आहे: तुमच्या बाटलीत बोस्वेलिक आम्ल नाही. ही आम्ले राळेत असतात. त्यांचा रेणुभार साडेचारशेच्या वर, म्हणजे पायनीनच्या तिपटीहून अधिक आहे आणि ती वाफेबरोबर वर येण्याइतकी हलकी नाहीत. सालईच्या राळेच्या अर्कावर सांधेदुखीसंबंधी काही चाचण्या झालेल्या आहेत, पण तो अर्क पोटात घ्यायचा असतो. तो घ्यावा की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी तुमची इतर औषधे पाहून ठरवायचे आहे. त्या चाचण्यांचे श्रेय तेलाच्या बाटलीला चिकटवून ती विकली जाते, ही या व्यवसायातील मला सर्वांत न आवडणारी गोष्ट आहे. तेल पोटात घेण्याचा विचार तर मुळीच करू नये.

असाच दुसरा दाखला २००८ मधील एका अभ्यासाचा दिला जातो. त्यात राळेतील इन्सेन्सोल अ‍ॅसिटेट या घटकामुळे चिंता कमी झाल्यासारखे वर्तन दिसले, परंतु ते उंदरांमध्ये आणि तो घटक शुद्ध स्वरूपात टोचून दिल्यावर. डिफ्यूजरमधून येणारा मंद वास आणि टोचलेला शुद्ध पदार्थ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वास आवडला, श्वास जरा संथ झाला, दिवसभराचा ताण विसरायला मदत झाली, तर त्यासाठी डिफ्यूजर जरूर लावावा. परंतु रात्रभर मात्र नको. या क्षेत्रातील जाणकार रॉबर्ट टिसरँड यांच्या संस्थेची शिफारस अर्धा ते एक तास चालू आणि तितकाच वेळ बंद अशी आहे, आणि ती मला पटते. झोपण्यापूर्वी अर्धा तास लावून, अंथरुणावर पडताना बंद करावा.

प्रश्न : घरात सहा महिन्यांचे बाळ आणि एक मांजर आहे. फ्रँकिन्सेन्स सौम्य समजले जाते, मग खिडक्या लावून घेऊन ते दिवसातून थोडा वेळ वापरावे का?

इतक्या लहान बाळाच्या खोलीत डिफ्यूजर लावू नये, असेच मी सांगेन. बाळाला वास नकोसा झाला, तर ते उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही. दुसऱ्या खोलीत लावायचा असल्यास शंभर मिलिलिटरला एक-दोन थेंब, पंधरा मिनिटे, आणि त्यात निलगिरी व पेपरमिंट मुळीच नको, कारण सिनिओल आणि मेंथॉल लहान मुलांच्या श्वसनाला अपायकारक ठरू शकतात. घरात कोणाला दमा असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

मांजराचा प्रश्न निराळा आहे. अशा तेलांतील अनेक संयुगांचा निचरा करणारी ग्लुक्युरोनिडेशन ही यकृतातील प्रक्रिया मांजरांमध्ये दुबळी असते, म्हणून आपल्याला सौम्य असलेले तेल त्यांच्या शरीरात साठू शकते. शिवाय तुषार अंगावरच्या केसांवर बसतात आणि मांजर अंग चाटताना ते पोटात घेते. तेव्हा यंत्र असलेल्या खोलीत मांजराला कोंडू नये, दार उघडे ठेवावे. लाळ गळणे, लडखडणे, धाप लागणे असे काही दिसले, तर यंत्र बंद करून लगेच पशुवैद्याकडे जावे. पक्षी पाळलेल्या घरात तर डिफ्यूजर नसलेलाच बरा.

आणि खिडक्या मुळीच बंद करू नयेत. पायनीन आणि लिमोनीन यांचा हवेतील ओझोनशी संयोग झाला की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. खोलीत ओझोन सोडणारे हवाशुद्धीकरण यंत्र असेल, तर ते आणि डिफ्यूजर एकत्र चालवणे म्हणजे हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली ती बिघडवणे होय.

प्रश्न : माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी उघडलेली अर्धी बाटली आहे आणि राळेचे खडेही आहेत. बाटली वापरू का? आणि खडे टाकीतच टाकले, तर तेल घ्यावेच लागणार नाही, नाही का?

खडे टाकीत टाकू नयेत. त्यांतील डिंकाचा भाग पाण्यात विरघळतो, राळेचा विरघळत नाही. परिणामी पाणी दुधाळ होते, चकती बुजते आणि वास जवळजवळ येतच नाही.

अर्धी बाटली म्हणजे अर्धी हवा. तीन वर्षे त्या हवेच्या संगतीत राहिलेल्या तेलातील पायनीन आणि लिमोनीन बऱ्यापैकी ऑक्सिडीकृत झालेली असणार, आणि असे तेल त्वचेला लागल्यास अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. ताज्या लिंबाऐवजी टर्पेंटाइनचा, वार्निशसारखा वास येत असेल किंवा तेल बोटाला चिकट लागेल इतके दाट झाले असेल, तर डिफ्यूजरमध्येही घालू नये. सिंकमध्ये ओतू नये. ते ज्वलनशील असल्यामुळे वाळूत किंवा मातीत जिरवून घरातील घातक कचऱ्यात द्यावे. यापुढे लहान बाटली घ्यावी, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, झाकण घट्ट लावून थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी आणि साधारण वर्ष-दोन वर्षांत संपवावी. लहान बाटली घेण्याला आणखीही एक कारण आहे. पॅपिरिफेराच्या जंगलांविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असा अंदाज वर्तवला आहे, की जुनी झाडे मरत असून नवी उगवत नसल्यामुळे पुढील सुमारे वीस वर्षांत राळेचे उत्पादन निम्म्यावर येईल. अशा झाडाचे तेल कपाटात शिळे करून फेकण्यापेक्षा पाच मिलिलिटरची बाटली दोनदा आणलेली बरी.